जंगलात रिकाम्या हातांनी जाऊया



दिल्लीत येऊन आम्हाला चौदा वर्षं झाली. पहिली काही वर्षं रविवारची सहल म्हणजे तिजारा नाहीतर हस्तिनापूर, हे ठरलेलंच असायचं. पहाटे निघायचं, दर्शन, अभिषेक, भोजनशाळेत जेवण आणि परत. मुलं मोठी झाली तशी शाळेतून दुसरी नावं घरात यायला लागली. सुलतानपूरचे पक्षी, असोलाचं जंगल, ओखल्याचा यमुनाकाठ. हिवाळ्यात दिल्लीची हवा इतकी वाईट होते की मुलांना महिन्यातून एकदा तरी झाडांत, पाण्याकाठी न्यावं असं आम्हालाही वाटू लागलं. त्यामुळे आता एक रविवार तीर्थाचा आणि एक रानाचा, अशी आमची वाटणी झाली आहे.

आज लिहायचं आहे ते या रानातल्या रविवारांबद्दल, आणि आपल्याच एका सवयीबद्दल. काहींना ते आवडणार नाही, पण मनात आहे ते लिहिते.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत सांगलीहून सासूबाई आल्या होत्या. त्यांचा नेम असा की घराबाहेर पडताना पिशवीत मुक्या जिवांसाठी काहीतरी असायलाच हवं. त्या दिवशी आम्ही गुरुग्राम–फरिदाबाद रस्त्याने निघालो होतो. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी अरवलीचं रान आहे आणि कडेच्या कठड्यांवर माकडं ओळीने बसलेली असतात. लोक गाड्या थांबवून केळी, पाव, बिस्किटं देतात. आमच्याकडे दोन डझन केळी होती. यांनी गाडी कडेला घेतली, आईंनी काच खाली केली आणि पलीकडच्या बाजूची माकडंसुद्धा केळी बघून रस्ता ओलांडायला लागली.

मागून ट्रक आला. त्याने ब्रेक लावला, पण एक लहान पिल्लू चाकाला लागलं. ते ओरडलं, लंगडत झुडपात गेलं, त्याची आई मागे गेली. आम्ही उतरून बराच वेळ शोधलं, सापडलं नाही. जगलं की नाही, ते आम्हाला कधीच कळणार नाही. ट्रकवाल्याची चूक नव्हती. केळी आमची होती.

आई परतीच्या वाटेवर काही बोलल्या नाहीत. रात्री सामायिकाला बसल्या त्या नेहमीपेक्षा खूप उशिरा उठल्या. मीही झोपले नाही. आपण दया करायला गेलो आणि हातून हिंसा झाली, हे मन मान्यच करत नव्हतं.

नंतर मी त्या माकडांबद्दल माहिती काढली. २००७ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिल्ली शहरातली माकडं पकडून शहराच्या दक्षिण टोकाला असोला-भट्टी अभयारण्यात सोडायला सुरुवात झाली. त्यांच्या खाण्याची सोयही तिथेच करायची ठरली. पण माकड हुशार. रानात दिवसभर हिंडून पाला, फळं, शेंगा शोधण्यापेक्षा रस्त्यावर बसलं तर केळं आपोआप हातात येतं, हे त्याला लगेच कळतं. मग आईबरोबर पिल्लूही तेच शिकतं. माणसाची आणि गाडीची भीती जाते. ज्याला केळं मिळत नाही ते हिसकावतं, चावतं. मग लोक तक्रार करतात, पिंजरे लागतात. या सगळ्याची सुरुवात कोणाच्या तरी पिशवीतल्या केळ्यांपासून होते.

यमुनेच्या घाटावर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे येतात, तिथलंही तेच. नावेत बसलेले लोक पाकिटातली तळलेली शेव मुठीमुठीने उधळतात, पक्षी झेपावतात, फोटो छान येतात. मीही ते केलं आहे. पण जी शेव खारट आणि तेलकट म्हणून आपण मुलांना रोज देत नाही, ती हजारो मैल उडून आलेल्या पाखराला पुण्य म्हणून देतो, हा कुठला न्याय?

आता मुद्द्याचं. आपल्याकडे दान चार प्रकारचं सांगितलं आहे: आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. घरात आपल्या हातून सगळ्यात जास्त घडतं ते आहारदान. ते सोपं असतं, दिसतं आणि केल्याचं समाधान लगेच मिळतं. अभयदानाचं तसं नाही. त्यात हातातून काही द्यायचं नसतं. समोरच्या जिवाला आपल्यामुळे भीती वाटू नये, धोका होऊ नये, त्याचं जगणं मोडू नये, एवढंच करायचं असतं. ते कोणाला दिसत नाही, म्हणून आपल्याला दान वाटत नाही. माझं मत असं झालं आहे की रानात गेल्यावर आपण देऊ शकतो ते फक्त अभयदान. रानातल्या जिवाला आपला आहार नको आहे. त्याला आपण थोडं लांब राहायला हवं आहे.

पुढच्या रविवारी आम्ही सुलतानपूरला गेलो. गुरुग्रामपासून फरुखनगरच्या रस्त्याला साधारण पंधरा किलोमीटरवर हे राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्र फार मोठं नाही, १४३ हेक्टरच्या आसपास. मध्ये उथळ तलाव, भोवती बाभळी, कडेने पायवाट आणि पाहायला मनोरे. २०२१ साली त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. थंडीत तिथे मध्य आशिया, सायबेरियाकडून पक्षी येतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतात. आईंनी त्या दिवशी पिशवी घरीच ठेवली होती. मनोऱ्याखाली सावलीत शाल पांघरून त्या तासभर बसल्या. पाण्यात वारकरी पक्षी डुबक्या मारत होते, बदकं चोच पाण्यात घालून चरत होती, लांब दोन सारस चालत होते. मग झाडीतून एक नीलगाय आली आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर पाणी पिऊन गेली. धाकटी हळूच म्हणाली, "आज्जी, ती आपल्याला घाबरली नाही." आई म्हणाल्या, "आपण काही केलं नाही ना, म्हणून."

हिमालय ओलांडून आलेल्या पाखराला माझ्या मूठभर चुरमुऱ्यांची गरज नाही, हे मला तिथे बसून पटलं.

काही मैत्रिणी विचारतील, मग उपाशी जिवाकडे पाठ फिरवायची का? नाही. हात आखडता घ्या असं मी म्हणत नाही, जागा बघून द्या असं म्हणते. लाल किल्ल्यासमोर आपल्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं रुग्णालय आहे. तिथे जखमी पाखरांवर मोफत उपचार होतात. ऑगस्टमध्ये पतंगाच्या मांज्याने पंख कापलेली किती पाखरं तिथे येतात, एकदा जाऊन बघा. केळ्यांचे पैसे तिथे दिले तर ते औषधदान होईल. गोशाळा आहे, पांजरपोळ आहे. ते जीव माणसाच्या आधारावरच आहेत. रानातला जीव तसा नाही. त्याला आधाराची सवय लावणं म्हणजे त्याचं स्वातंत्र्य काढून घेणं. आणि ते काढून घेतल्यावर जबाबदारी आपण घेत नाही, आपण तर संध्याकाळी घरी परततो.

शहरातल्या कबुतरांना दाणे घालण्यावरून २०२५ मध्ये मुंबईत केवढा वाद झाला ते तुम्हाला माहीत आहे. त्यात मी आज शिरत नाही. शहराचा प्रश्न वेगळा. पण रानाबद्दल तरी आपल्यात दुमत असू नये.

मांगर बनीचं उदाहरण सांगते. त्याच गुरुग्राम–फरिदाबाद रस्त्याच्या आतल्या बाजूला, दिल्लीच्या अगदी सीमेवर ही बनी आहे. आपल्याकडच्या देवराईसारखी. गुदरिया दास बाबांचं स्थान म्हणून आसपासच्या गावांतले गुर्जर लोक ती पिढ्यानपिढ्या राखत आले. तिथली फांदी तोडायची नाही, गुरं-शेळ्या चरायला सोडायच्या नाहीत, हा नेम. भोवतीच्या अरवलीत खाणींनी डोंगर पोखरले, पण बनीत धौची झाडं दाट उभी आहेत. धौ म्हणजे आपल्या धावड्याचा भाऊबंद, फार सावकाश वाढणारा. त्या गावकऱ्यांनी बनीला काही दिलं नाही, फक्त तिच्यातून काही घेतलं नाही. तेवढ्याने रान वाचलं. अभयदान यापेक्षा वेगळं काय असतं?

आणि हा विचार आपल्याला नवा नाही. चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकायचं, ही ईर्यासमिती. कारण नसताना पान तोडू नये, माती उकरू नये, पाणी सांडू नये, हे अनर्थदंडव्रतात येतं. मुलांना पाठशाळेत आपण हे पाठ करायला लावतो आणि सहलीला गेल्यावर तीच मुलं फांद्या ओढतात, टाळ्या वाजवून पक्षी उडवतात, आपण हसतो. पण दर वेळी उडताना परतीच्या प्रवासासाठी अंगात साठवलेलं बळ त्या पाखराला खर्चावं लागतं.

तर आमच्या घरचे आताचे नियम असे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. सुलतानपूर मंगळवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा. जवळ जायचं तर ओखल्याला पक्षी अभयारण्याच्या नावाचंच मेट्रो स्टेशन आहे, गाडीसुद्धा लागत नाही. असोलाला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं शिक्षण केंद्र आहे, मुलांना तिथे जरूर न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि उकळून गाळलेलं पाणी बरोबर असतं. डबा फाटकाबाहेर उघडतो, खरकटं आणि कागद घरी आणतो. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणून चारलाच परतीला लागतो. रस्त्यात माकडं दिसली की काचा वर आणि गाडी थांबवायची नाही.

हा शेवटचा नियम आईंनी घातला आहे. आता गावी गेल्यावर महिला मंडळातही त्या हेच सांगतात. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाल्या, "केळी द्यायला काही लागत नव्हतं गं. न देता पुढे जायला मन घट्ट करावं लागतं."

पुढच्या वेळी सहलीची पिशवी भरताना त्यांचं हे बोलणं आठवा, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.