स्मरणदिन आणि माळ्यावरचे डबे

धारच्या पश्चिमेस असलेल्या अमझेऱ्यास स्मरणाचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. येथील अमका-झमका देवीच्या देवळातून श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले, असे माळव्यातील माणूस निष्ठेने सांगतो. आपण मराठी मंडळी तो मान विदर्भातील कौंडिण्यपुरास देतो. परंतु पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात काढल्यावर या वादात फार आग्रह धरवत नाही. येथील राणा बख्तावरसिंह यांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरास फाशी झाली. पुढे अमझेरा शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात गेले. येथे कथेस देऊळ आहे, राण्यांच्या स्मृतीस किल्ला आहे. स्मरणास टेकावयास काहीतरी जागेवर उरले आहे.

चित्रपटांच्या स्मरणदिनांचे मात्र तसे नाही. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्याच्या चार रिळांपैकी आज पहिले व शेवटचे तेवढे उपलब्ध आहे; आणि तीही १९१७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ प्रथम बोलला. त्याची एकही प्रत ज्ञात नाही. दरवर्षी त्याची आठवण निघते, पण पुण्यतिथी साजरी करावी आणि तसबीरच नसावी, अशी ही अवस्था!

याची कारणे साधी आहेत. त्या काळची नायट्रेट फीत चटकन पेट घेई, कुजे. कित्येक फिती तर त्यांतील चांदीसाठी वितळविल्या गेल्या. दूरचित्रवाणीचीही गत निराळी नाही. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर मानवाने पाऊल ठेवले, त्या चित्रणाच्या अमेरिकेतील मूळ फितीही पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. मोठ्या संस्थेलाही जपणुकीचे भान नसते, ते असे.

मग जे वाचले ते कोणामुळे? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ साली झाली. तेथील पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून जुन्या फिती मिळविल्या. फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्ण साकारलेला १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ आज आपण पाहू शकतो, तो अशा शोधामुळे. म्हणजे इतिहास वाचला तो आधी घरात आणि मग संग्रहालयात.

वाचकहो, हे ध्यानी घेऊन आपापल्या माळ्यावर एकदा पाहावे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत गणेशोत्सवातील नाटकांच्या ध्वनिफिती, लग्नामुंजींची आठ मिलिमीटरची चित्रणे, जुन्या चित्रपटांच्या गीतपुस्तिका अजून असतील. डबा उघडताच शिरक्याचा वास आल्यास फीत नासू लागली, असे समजावे. ती जुन्या यंत्रावर चढवून पाहण्याचा मोह टाळावा. थंड, कोरड्या जागी ठेवून जाणकाराकडून तिची अंकीय प्रत करून घ्यावी.

प्रस्तुत लेखकाने एका दिवाळीच्या आवराआवरीत अशा काही फिती रद्दीवाल्यास दिल्या. त्यांत आजीच्या ओव्या होत्या, हे पुढे ध्यानी आले. आजीची पुण्यतिथी आम्ही आजही पाळतो. तिचा आवाज मात्र घरात कोठेच नाही.