पदकाआधीची वर्षे

नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव केला आणि एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच भारतात आणला. साऱ्या देशाने हा आनंद साजरा केला, सांगलीने तो जरा अधिक हक्काने केला. तसे होणे स्वाभाविकच होते. संघाची उपकर्णधार स्मृती मानधना माधवनगरात वाढलेली, आणि या स्पर्धेत भारतातर्फे सर्वाधिक म्हणजे ४३४ धावा तिच्याच नावावर लागलेल्या. विजय हजारे आणि नंदू नाटेकर ज्या गावात जन्मले, त्या गावाला आपल्या लेकीचा अभिमान वाटला तर त्यात कोणी दोष काढू नये. प्रश्न आहे तो अभिमानाच्या पलीकडचा. चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागतात, सत्काराचे हार होतात, दुचाकी फेऱ्या निघतात. परंतु या यशाची जी पहिली दहा-बारा वर्षे असतात, ती कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या कष्टाने पार पडतात, याचा हिशेब समाज म्हणून आपण कधी मांडला आहे काय?

स्मृतीच्या बाबतीत हा हिशेब बराचसा उघड आहे. तिचा जन्म १८ जुलै १९९६ चा, मुंबईतला. ती दोन वर्षांची असताना कुटुंब सांगलीला आले. वडील श्रीनिवास आणि भाऊ श्रवण हे दोघेही जिल्हा पातळीवर क्रिकेट खेळलेले. भाऊ सरावाला निघाला की धाकटी बहीण मागोमाग निघे. मुळात उजव्या हाताची असलेली ही मुलगी डावखुरी फलंदाजी करू लागली, ती डावखुऱ्या फलंदाजांवर लुब्ध असलेल्या वडिलांच्या हौसेपोटी! (एका पित्याच्या हौसेने देशाला सलामीची फलंदाज दिली, असे म्हटले तर ते अगदीच खोटे नाही.) नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आली, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात. सांगलीत अनंत तांबवेकर यांनी तिला घडवले. क्रिकेटचे वेळापत्रक वडिलांकडे, आहार आणि कपडेलत्ते आई स्मिता यांच्याकडे, आणि नेटमध्ये गोलंदाजी करण्याचे काम भावाकडे, अशी त्या घराने कामाची वाटणीच करून टाकली होती.

दहावीनंतर या घरात तो प्रश्न आला, जो आपल्यापैकी प्रत्येक मध्यमवर्गीय घरात येतो. मुलीला विज्ञान शाखेकडे जाण्याची इच्छा होती. क्रिकेट आणि विज्ञान दोन्ही झेपणार नाही, हे आईने ओळखले आणि तिला त्यापासून परावृत्त केले. आपल्याकडे याच प्रसंगी बहुतेक आया नेमके उलटे सांगतात. "खेळ पुरे झाला, आता अभ्यासाचे बघ," हे वाक्य कोणत्या मराठी घरात उच्चारले गेले नाही? ते उच्चारणारी आई चूक नसते. खेळाच्या वाटेवर पुढे भाकरी आहे की नाही हे तिला दिसत नसते, आणि ते दाखवण्याची जबाबदारी ज्यांची आहे ते गप्प असतात. स्मृतीच्या आईने जेव्हा हा निर्णय घेतला, तेव्हा भारतात महिला क्रिकेटमध्ये पैसा जवळपास नव्हताच.

पुढचा प्रवास परिचित आहे, तरी त्यातील दोन टप्पे आवर्जून सांगण्यासारखे. ऑक्टोबर २०१३ मध्ये वडोदऱ्याला गुजरातविरुद्ध तिने १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिचे आंतरराष्ट्रीय पदार्पण झाले होते. दुसरा टप्पा दुखापतीचा. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील बिग बॅश लीगमध्ये ब्रिस्बेन हीटने तिच्याशी करार केला आणि जानेवारी २०१७ मध्ये तेथेच खेळताना तिच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. विश्वचषक जूनमध्ये होता. गुडघ्याच्या या दुखापतीने कित्येकांचे खेळणे कायमचे थांबते. ती मात्र पाच महिन्यांत उभी राहिली, डर्बीला इंग्लंडविरुद्ध ९० आणि टाँटनला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. त्यानंतर मात्र त्या स्पर्धेत तिची बॅट चालली नाही. लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली आणि भारत ९ धावांनी हरला. २०१८ आणि २०२१ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तिला वर्षातील सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरवले, हे सर्वांच्या लक्षात राहते. विश्वचषकासाठी तिला त्या शून्यानंतर आणखी आठ वर्षे थांबावे लागले, हेही तितकेच लक्षात राहावे.

तथापि केवळ गुणवत्ता आणि जिद्द यांच्या बळावर ही कारकीर्द उभी राहिली, असे समजणे भाबडेपणाचे होईल. तिच्यामागे व्यवस्थेचा एक प्रदीर्घ इतिहास आहे. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात भरली. संघ होते अवघे तीन. त्या पिढीतील मुलींनी अनारक्षित डब्यातून प्रवास केला आणि वसतिगृहांच्या फरशीवर वळकट्या पसरल्या. त्यांतील अनेकींना पोटापुरता आधार दिला तो रेल्वेच्या नोकरीने. २००६ मध्ये ही संघटना नियामक मंडळात विलीन झाली. २०१५ मध्ये महिला खेळाडूंना प्रथमच वार्षिक करार मिळाले आणि वरच्या श्रेणीचे मानधन होते वर्षाला पंधरा लाख रुपये. २०२२ च्या ऑक्टोबरात सामन्याचे मानधन पुरुषांइतके झाले. आणि १३ फेब्रुवारी २०२३ रोजी महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात पहिलेच नाव पुकारले गेले ते स्मृतीचे, आणि ३ कोटी ४० लाखांची त्या लिलावातील सर्वोच्च बोलीही तिच्यावरच लागली. खेळाडूंची बोली लावण्याचा प्रकार आमच्या मनाला आजही फारसा रुचत नाही. पण सांगलीच्या मुलीचा खेळ हा तिचा व्यवसाय होऊ शकतो, हे त्या दिवशी सर्वांना कळले, हे नाकारता येत नाही.

ही पायरी सर्वच खेळांत चढली गेली, असे मात्र नाही. बास्केटबॉलचेच उदाहरण घ्यावे. सातारा-सांगलीतील कित्येक शाळांच्या आवारात या खेळाचे मैदान आखलेले दिसेल आणि मुली आवडीने खेळतानाही दिसतील. अमेरिकेत महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग १९९७ पासून सुरू आहे. आपल्याकडे खेळाडूला वर्षभर पोसू शकेल अशी लीग अजून रुजलेली नाही. केरळची गीतू अ‍ॅना जोस ही दक्षिण रेल्वेची खेळाडू. ऑस्ट्रेलियातील क्लबकडून व्यावसायिक म्हणून खेळली आणि २०११ मध्ये अमेरिकी लीगमधील तीन संघांच्या निवड चाचणीपर्यंत पोहोचली. तिच्या उंचीची आणि ताकदीची खेळाडू भारतात विरळा, पण स्वदेशात तिला खेळाडू म्हणून मिळाले ते रेल्वेचे पगारपत्रकच. चेन्नईच्या अनिता पॉलदुराई हिने सुमारे अठरा वर्षे भारताकडून खेळून २०२१ मध्ये पद्मश्री मिळवली. तिचाही आधार रेल्वेच. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार झाली. २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या दुसऱ्या विभागाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला हरवून विजेता ठरलेल्या संघात ती होती. आमच्या वाचकांपैकी कितीजणांना तिचे नाव ठाऊक आहे? क्रिकेटला लागलेली माणसे आणि त्या माणसांमागून आलेला पैसा बास्केटबॉलला मिळाला असता, तर या नावांना अशी ओळख करून द्यावी लागली नसती.

सांगलीहून साताऱ्याकडे वळले की हाच प्रश्न अधिक टोकदार होतो. माण तालुक्यातील मोही हे कायम दुष्काळी पट्ट्यातले गाव. तेथील ललिता बाबर हिने मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय गटात विजयाची हॅटट्रिक साधली आणि पुढे ती तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम नोंदवून तिने अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. ऑलिंपिकच्या धावपट्टीवर भारतीय महिलेने अंतिम फेरी गाठण्याचा प्रसंग पी. टी. उषानंतर तब्बल ३२ वर्षांनी आला होता. राज्य शासनाने पुढे तिला उपजिल्हाधिकारी म्हणून नेमले, ते योग्यच झाले. पण ही नेमणूक म्हणजे पराक्रमानंतरचा सन्मान होय. माणच्या उन्हात धावणाऱ्या शाळकरी मुलीला तो काय उपयोगाचा?

दुसरी साताऱ्याची लेक अदिती स्वामी. वडील गणिताचे शिक्षक. मुलीच्या सरावासाठी हे कुटुंब शेरेवाडी सोडून साताऱ्यात राहायला आले. तेथे प्रवीण सावंत या पोलीस दलातील प्रशिक्षकांनी उसाच्या रानाच्या जागेवर तिरंदाजीची प्रबोधिनी उभी केली होती. कंपाउंड धनुष्य हे खर्चाचे प्रकरण. धनुष्य, बाण, त्यांचे सुटे भाग, सारेच महाग, आणि मुलगी वाढत जाते तशी सामग्री बदलावी लागते. शिक्षकाच्या पगारात हे बसत नाही म्हणून वडिलांनी कर्ज काढले. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला सतरा वर्षांच्या अदितीने अंतिम लढतीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९–१४७ असे हरवले आणि ती वैयक्तिक जगज्जेती झाली. त्याच दिवशी पुरुषांत जगज्जेता ठरलेला नागपूरचा ओजस देवतळेही साताऱ्याच्या याच प्रबोधिनीत घडलेला. उसाच्या रानातून एका दिवसात दोन जगज्जेते निघावेत, ही गोष्ट महाराष्ट्राने किती गंभीरपणे घेतली?

याच मातीतली एक जुनी हकीकत येथे आठवते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ प्रवासखर्च नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावोगावच्या लोकांनीही वर्गणी दिली. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या पैशांतून आले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मात्र मरणोत्तर, २००० सालचा. म्हणजे पदकाआधी धावून आला तो एक शिक्षक आणि शेजारपाजारचे लोक, आणि शासनाचा मोठा सन्मान पोहोचला तो खेळाडू गेल्यानंतर. सत्तर वर्षांत शासनाच्या बाजूने बरीच सुधारणा झाली आहे, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. क्रीडा संकुले झाली, शिष्यवृत्त्या आल्या, 'खेलो इंडिया'सारख्या योजना आल्या. पण शेरेवाडीच्या शिक्षकाला कर्ज काढावेच लागले. खर्डेकरांची जागा आज कोणी घेतलेली दिसत नाही.

कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत पैसा नाही असे कोणी म्हणणार नाही. सहकारी साखर कारखाने आहेत, नागरी बँका आहेत, पतसंस्था आहेत, शतकाची परंपरा सांगणाऱ्या शिक्षणसंस्था आहेत. या संस्थांच्या वार्षिक अहवालांत गुणवंतांच्या सत्काराचा खर्च असतो. दहा-बारा वर्षांच्या एखाद्या मुलीच्या पाच वर्षांच्या सरावाचा खर्च कितीजणांच्या अहवालात असतो? सत्काराला छायाचित्र मिळते, सरावाला मिळत नाही, हे खरे कारण असावे. शाळांची मैदाने सुट्टीत कुलूपबंद असतात. मुलीला संध्याकाळी मैदानावर नेणारे आणि परत आणणारे भरवशाचे माणूस नसेल तर चौदाव्या-पंधराव्या वर्षी तिचा खेळ बहुधा थांबतोच. त्याला फार मोठ्या निधीची गरज नसते. मैदानाची किल्ली सांभाळणारा एखादा निवृत्त क्रीडाशिक्षक, पाळीपाळीने मुलींना पोहोचवणारे चार पालक आणि प्रवासखर्चाची तरतूद करणारी एखादी पतसंस्था, एवढ्यानेही बरेच होते. मुलींच्या आयांशी दहावीच्या निकालानंतर बोलायला कोणीतरी जाणकार घरी गेले पाहिजे. हे काम तर शासनाकडून होणारच नाही.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड तिरंदाजीचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच खेळला जाणार आहे. अदितीच्या मागे आज साताऱ्यात, फलटणला, विट्याला, इस्लामपूरला कोवळ्या वयाच्या अनेक मुली कोणता ना कोणता खेळ मनापासून खेळत आहेत. त्यांची नावे अजून कोठेही छापून आलेली नाहीत. आपापल्या गावात अशा मुली कोणत्या, त्यांच्या बुटांचे, बाणांचे आणि दुधाचे पैसे सध्या कोण भरते, आणि त्यांपैकी कोणाचा सराव पुढच्या जूनमध्ये बंद होण्याच्या बेतात आहे, याची यादी आमच्या कार्यकर्त्यांनी या महिन्याभरात करावी आणि ती गावच्या कारखान्याच्या, बँकेच्या व शिक्षणसंस्थेच्या संचालकांपुढे ठेवावी.