कोअर मोजताय? आधी नळ मोजा!

मंडळी, 'झिऑन की थ्रेडरिपर?' या वादात सगळे कोअरच मोजत बसतात. माझा यावर सपशेल आक्षेप आहे. २०२३ चे दोन गडी घ्या: झिऑन डब्ल्यू९-३४९५एक्स, कोअर ५६, थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स, कोअर ९६. लागला निकाल? अहो, मेमरी चॅनल दोघांनाही आठच! पैसे वाचवायला रॅमच्या दोनच स्टिक लावल्यात, तर ९६ जण दोन नळांवर हंडे घेऊन उभे..

वर दोघेही ३५० वॅटचे. पिंप्राळ्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, तिथे हा हीटर बंद खोलीत ठेवणार?

माझं सरळ म्हणणं: आधी आठही चॅनल भरा, एसी-यूपीएसचे पैसे बाजूला काढा. उरलेल्यात बसेल तो प्रोसेसर घ्या. नुसती मिरवायची हौस असेल, तर बुलेट आहेच की!