दुर्बिणीची अडचण

पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मूळ मार्ग खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे, म्हणजे जीएमआरटीमुळे, बदलावा लागला. जुन्नर-संगमनेरकडे त्यावरून संताप आहे. गाडी अहिल्यानगरमार्गे वळणार म्हटल्यावर सुप्याच्या एमआयडीसीला आशा वाटणेही स्वाभाविक आहे. दुर्बीण नेमके काय ऐकते, हे मात्र दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

ती सूर्याचेही ऐकते. सूर्यावर विरुद्ध दिशांच्या चुंबकरेषा भिडून तुटतात, नव्याने जुळतात आणि साठलेली ऊर्जा आयन व इलेक्ट्रॉनांना मिळते. पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या कडेलाही हेच घडते. तिथे उपग्रहांनी केलेल्या मोजमापांत आयनांची तापमानवाढ उपलब्ध चुंबकीय ऊर्जेच्या सुमारे 13 टक्के भरली, इलेक्ट्रॉनांची जेमतेम 1.7 टक्के. सौरज्वाळांत मात्र वेगवान इलेक्ट्रॉनांच्या पदरी ऊर्जेचा मोठा हिस्सा पडतो. ही वाटणी कशी ठरते, याचे पूर्ण उत्तर अजून नाही. नासाचे चार एमएमएस उपग्रह 2015 पासून कवचाच्या कडेला तेच शोधत आहेत. सूर्यावरून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या झोतांमुळे उठणाऱ्या रेडिओलहरी खोडदला टिपता येतात, पण त्यासाठी भोवती विजेवरच्या रेल्वेचा गोंगाट नको.

हा पेच महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला गेली. 1906 पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या, मेळ बसल्यावरच कुलाब्याचे काम थांबले आणि 1907 मध्ये ट्राम धावली. सप्टेंबर 1859 च्या प्रचंड सौरवादळाची तीव्रता ठरवताना शास्त्रज्ञ आजही कुलाब्याच्याच नोंदी काढतात.

मग दुर्बीणही हलवा, असे कुणी म्हणेल. तेव्हा हलवायची होती ती काही उपकरणे. इथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्या हलवण्यापेक्षा रूळ वळवणे शहाणपणाचे, म्हणून निर्णय बरोबर आहे.

चूक आहे ती तो कळवण्याच्या रीतीत. ज्यांची रेल्वे गेली त्यांना कारण समजावून सांगणे आणि प्रवासाची दुसरी सोय देणे, ही दोन्ही कामे सरकारची आहेत. ती टाळून विज्ञानाला खलनायक होऊ देणे सरकारला सोयीचे असेल, पण त्याची किंमत पुढच्या प्रत्येक वेधशाळेला मोजावी लागेल.