बॅटरीचा खर्च आजच धरा

शाळेसाठी विजेवर चालणारी व्हॅन घ्यावी, हा विषय सध्या विश्वस्त मंडळापुढे आहे. धूर नाही, खडखडाट नाही, म्हणून मुलं खूश. पालकसभेत मात्र एकच प्रश्न फिरून फिरून येतो : बॅटरी गेली तर? प्रश्न रास्त आहे. त्याला ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ हे उत्तर चालणार नाही, एवढंच आमचं म्हणणं.

ही धास्ती जुनीच. 2001 साली आलेल्या बंगळुरूच्या रेवा गाडीत शिशाच्या बॅटऱ्या होत्या. त्या काही वर्षांतच बदलाव्या लागत. मग लिथियमची बॅटरी आली. 2010 साली एक युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीमागे हजार डॉलरहून जास्त पडत; 2024 साली जगाची सरासरी 115 डॉलरवर आली. म्हणजे 30 युनिटची बॅटरी कारखान्याच्या दारातच 3 लाखांच्या आसपास. गिऱ्हाइकाच्या हाती येईतो ती आणखी महागते. त्यात गंमत पाहा : नव्या विजेच्या गाडीवर जीएसटी 5 टक्के, पण बॅटरी सुटी घेतली की 18 टक्के! 3 लाखांवर फरक किती, तो आठवीच्या मुलांनी काढावा. आहे ती गाडी चालती ठेवणाऱ्याला जादा कर, हे आम्हाला मुळीच पटत नाही.

उन्हाचं काय? अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या उन्हात निसान लीफच्या बॅटऱ्या लवकर उतरल्याच्या तक्रारी 2012 साली गाजल्या. तिथे बॅटरी थंड ठेवणारं द्रव फिरत नव्हतं. 2014 साली कंपनीने जुनी बॅटरी घेऊन नवी 5,499 डॉलरला देऊ केली. इंदूरचा मे महिना आठवा आणि थंड ठेवण्याची सोय असलेलीच गाडी बघा. व्हॅनला पत्र्याची शेडही हवी.

बॅटरी बहुधा एकाएकी बंद पडत नाही. तिची साठवण हळूहळू कमी होते. वॉरंटी पुष्कळदा 8 वर्षांची असते, पण किती टक्के साठवण उरल्यास कंपनी बॅटरी बदलून देणार, हे लेखी घ्यावं. एकच भाग बिघडला तर तेवढाच बदलतील का, हेही विचारावं. डिझेलच्या बचतीतून दरसाल 40 हजार वेगळ्या खात्यात टाकावेत, आणि स्नेहसंमेलनाच्या मांडवासाठी त्यांना हात लावू नये! विक्रेत्यांची कोटेशनं आली की सूचनाफलकावर लावावीत, म्हणजे पालकांनाही पुढच्या सभेआधी ती पाहता येतील.