नळ आला, तरी हापसा राहू द्या

पाणी म्हणजे जीवन, हे आपण पहिलीपासून फळ्यावर लिहीत आलो आहोत. पण ते पाणी कशाच्या जोरावर वर येते आणि घरात किती लागते, हे कुणी लिहीत नाही. म्हणून या वेळी मी त्यावर माझे मत लिहिते आहे.

आपल्या शाळेच्या कुंपणाला लागून हापसा आहे. आता घरोघरी नळ आले. म्हणून गावातली काही मोठी माणसे म्हणतात, ‘आता हापसा कशाला पाहिजे? तो काढून टाका आणि त्याच बोअरात मोटर सोडा.’ येत्या ग्रामसभेत हा विषय निघणार आहे. ग्रामसभेत आपल्या वयाच्या मुलांचे मत धरत नाहीत. पण हे भित्तिपत्रक सगळे वाचतात. पाणी भरायला आलेल्या बायासुद्धा कळशी खाली ठेवून वाचतात. तर माझे म्हणणे असे आहे, की नळ असू द्या, मोटरही बसवा, पण हापसा काढू नका.

पहिले कारण म्हणजे गुरुवार. आपल्या चाकणच्या बाजूला गुरुवारी बहुतेक कंपन्यांना सुट्टी असते. लाइटच्या दुरुस्तीची कामेही बहुतेक गुरुवारीच निघतात. सकाळी गेलेली लाइट कधी कधी संध्याकाळी येते. मोटर बंद, टाकी रिकामी, नळ कोरडा. आणि बाबा घरी, पाहुणे घरी, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त लागणार. मग सगळ्यांना हापसा आठवतो. दुपारी चारला तिथे कळशांची रांग लागते. नळाला मोटर लागते, मोटरला लाइट लागते. हापशाला फक्त हात लागतात.

आता हापसा म्हणजे काही साधी वस्तू नाही. गुरुजींनी त्याची गोष्ट सांगितली. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. आजी तेव्हा माझ्याएवढी होती. ती सांगते, की लोक खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला जात. त्या काळात आपल्या काळ्या खडकात यंत्राने खोल बोअर घेऊन त्यावर हापसे बसवायचे काम वाढले. पण सुरुवातीचे हापसे बिडाचे होते. त्यांचा नमुना परदेशी होता, आणि तो एका घरापुरता होता. आपल्याकडे तर एका हापशावर अख्खे गाव! त्यामुळे ते सारखे मोडत.

मग आपल्याच महाराष्ट्रात, जालन्याला आणि सोलापूरला, मिशनच्या लोकांनी पोलादाचे दणकट हापसे बनवले. त्यातला सोलापूरचा नमुना पुढे धरून भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासचा एक कारखाना यांनी मिळून नवा हापसा तयार केला. त्याचे नाव ‘इंडिया मार्क दोन’. असे लाखो हापसे देशात बसले, आणि आफ्रिकेतल्या गावांतही गेले. आपल्या शाळेजवळचा हापसा त्याच जातीचा आहे. सोलापूरची वस्तू आफ्रिकेतली माणसे वापरतात आणि आपण ती भंगारात द्यायला निघालो, हे मला बरोबर वाटत नाही.

तो चालतो कसा, हेही सांगते. दांडा खाली दाबला की साखळी वर ओढली जाते. साखळीला लांब सळई असते. ती खाली बोअरातल्या नळकांड्यापर्यंत जाते. तिथे चामड्याचे किंवा रबराचे वायसर असतात. ते पाणी वर उचलतात, आणि झडप ते परत खाली जाऊ देत नाही. वायसर झिजले की आधी कितीतरी हापसे फुकट मारावे लागतात. आपल्या हापशाला हल्ली पंधरा-वीस हापसे मारल्यावर पाणी येते. म्हणजे हापसा मेलेला नाही. त्याचे वायसर आणि झडप बघायला पाहिजे, एवढेच. एवढ्यासाठी कुणी हापसा काढतो का? चप्पल झिजली म्हणून कुणी पाय कापत नाही.

दुसरे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. हापसा पाणी मोजायला शिकवतो. नळ सोडला की पाणी येते, आणि किती गेले ते कळत नाही. हापशावर हातच सांगतात. मी आणि माझ्या वर्गातल्या दोघींनी मिळून मोजले. आमची कळशी बारा लिटरची आहे. पाणी यायला लागल्यावर ती भरायला चाळीस हापसे लागतात. म्हणजे दहा हापशांना तीन लिटर.

मग मी हिशोब मांडला. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले. त्यात खेड्यातल्या प्रत्येक माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. आमच्या घरी आई, बाबा, आजी, मी आणि धाकटा भाऊ अशी पाच माणसे. पाच गुणिले ५५ म्हणजे २७५ लिटर. म्हणजे जवळजवळ २३ कळशा, आणि ९२० हापसे! शहरात माणशी १३५ लिटर धरतात. तेवढे पाणी आम्ही वापरले तर ६७५ लिटर होतील, आणि त्याला सव्वादोन हजार हापसे लागतील. ते मारून बघा, म्हणजे पाण्याची किंमत कळेल. आमची आजी म्हणते, ‘पोरी, डोक्यावरून हंडा आणलेली बाई चूळ भरताना पण इचार करती.’

घरी नळ आल्यावर विचार कमी झाला आहे. मी नळाखाली बादली ठेवून पाहिले. भाऊ नळ सोडून दात घासतो तेव्हा सहा लिटर पाणी जाते. तांब्या घेऊन घासले तर एक लिटर पुरते. म्हणजे रोज पाच लिटर उगाच गटारात. आमच्या मोरीतला नळ ठिबकत होता. रात्री नऊला त्याखाली भांडे ठेवले. सकाळी सहाला त्यात चार लिटर पाणी होते. म्हणजे दिवसरात्रीचे दहा लिटर धरा. तेहतीस हापसे! झोपेत आपण रोज कुणाकडून तरी तेवढे हापसून घेतो आणि ओतून देतो, असेच झाले. बाबांनी गुरुवारी नळाचे वायसर बदलले. आता ठिबकत नाही. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसे थेंबे थेंबे तळे आटतेसुद्धा.

कुणी म्हणेल, आपण खेड्यातले, म्हणून आपल्याला त्रास. शहरात बरे असेल. तसे नाही. चिंचवडला माझी मावशी राहते. पवना धरणाचे पाणी नदीने खाली येते, रावेतला उचलतात, निगडीला शुद्ध करतात आणि मग घरोघरी जाते. २०११ सालच्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडला सतरा लाखांहून जास्त माणसे होती. एवढ्यांना एक नदी कशी पुरणार? २०१९ सालच्या नोव्हेंबरमध्ये तिथे दिवसाआड पाणी सुरू झाले. नवल म्हणजे पावसाळ्यात पवनेला पूर आला की मोरया गोसावींच्या मंदिरात पाणी शिरते. दारात नदी वाहते, आणि नळाला मात्र दिवसाआड! मावशीच्या बिल्डिंगमध्ये लाइट गेली की पाणी वर चढत नाही. तिथे हापसा नाही, त्यामुळे कुणी कितीही जोरात दाबायला तयार असले तरी उपयोग नाही.

तिथे आणि आपल्याकडेही एक सवय मी पाहिली. नवे पाणी आले की कालचे पाणी ‘शिळे’ म्हणून ओतून देतात. भाकरी शिळी होते, पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवा आणि ओगराळ्याने घ्या. धरणात तर ते महिनोन्‌महिने साठलेले असते! मात्र आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून कोरडी करायची. त्याला कोरडा दिवस म्हणतात. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, म्हणून. त्या दिवशी उरलेले पाणीही गटारात नको. त्याने फरशी पुसा, नाहीतर झाडाला घाला.

आता हापसा नको म्हणणारे काय म्हणतात, तेही लिहिले पाहिजे.

एक जण म्हणतो, हापशाचे पाणी जड आहे, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. ते खरे आहे. शिवाय आपल्या आजूबाजूला कारखाने आहेत. बोअरच्या पाण्यात काय मिसळले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पाणी तपासल्याशिवाय प्यायचे नाही. पाणी तपासायची पेटी असते आणि त्यासाठी गावातल्या पाच महिलांना शिकवतात. तपासून पाणी चांगले निघाले तर प्यावे. नाही निघाले तर ‘पिऊ नये’ अशी पाटी लावावी. पण संडासाला, कपड्यांना, गुरांना आणि झाडांना पाणी लागतेच ना? आपल्या शाळेतल्या संडासाला गुरुवारी पाणी नसते, तेव्हा मुलींचे काय हाल होतात ते आम्हालाच माहीत.

दुसरे म्हणणे असे, की हापसून बायांचे हात दुखतात. हेही खरे आहे. आईचे हात दुखतात, आजीचे तर खांदे गेले. नळ आला तेव्हा आजीने नळाला हळदीकुंकू वाहिले. म्हणून मी नळाच्या विरुद्ध नाही. पण हात फक्त बायांनाच असतात का? रांगेत उभे राहून मी मोजले. अकरा जणांत नऊ बाया आणि मुली होत्या. बाबालोकांनी आणि मुलांनी पण दांडा धरावा. मग कुणाचाच हात एवढा दुखणार नाही, आणि पाणी वाचवा असे कुणाला सांगावेही लागणार नाही.

तिसरे म्हणणे, एका बोअरात दोन्ही कसे बसेल? बसते! महाराष्ट्रात कितीतरी लहान वाड्यांवर सौर दुहेरी पंप बसवले आहेत. बोअरला पाणी पुरेसे असले तर आत लहान मोटर आणि वर हापसा, असे दोन्ही राहते. मोटर उन्हावर चालते आणि टाकी भरते. ढग आले तर हापसा आहेच. गुरुवारची भीती नाही.

पण बोअरातच पाणी नसेल तर मोटर काय आणि हापसा काय! म्हणून जमिनीला पाणी परत दिले पाहिजे. आपल्या वर्गावरचा पत्रा आम्ही मोजला. आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद, म्हणजे ४० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दहा मिलिमीटर पावसात ४०० लिटर, म्हणजे ३३ कळशा! पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेवढ्या पावसात या एका पत्र्यावर २८,००० लिटर पाणी पडेल. थोडे उडून गेले तरी बरेच उरेल. आज ते रस्त्यावर चिखल करते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यायचे, कारण पत्र्यावर धूळ आणि पाखरांची घाण असते. पुढचे पन्हाळीने खाली आणून, दगड, खडी आणि वाळूतून गाळून खड्ड्यात मुरवायचे. साबणाचे सांडपाणी मात्र हापशाजवळ मुरवायचे नाही. ते लांब परसबागेत केळीला आणि अळूला द्यायचे.

तेव्हा माझ्या मागण्या चारच आहेत. हापसा काढू नये. पंचायत समितीच्या दुरुस्ती पथकाला बोलावून त्याचे वायसर आणि झडप नीट करून घ्यावी. त्याचे पाणी तपासून निकाल इथेच, या भिंतीवर लावावा. आणि पावसाळ्याच्या आधी शाळेच्या पत्र्याला पन्हाळ आणि खाली खड्डा करावा. खड्ड्यासाठी दगड गोळा करायला चौथीचा वर्ग तयार आहे, मुलगेसुद्धा.

आणि बालमित्रांनो, आपण मोठ्यांना सांगतो तसे स्वतःही करू. आज घरी जाऊन आपापला नळ ठिबकतो का ते बघा. रात्री त्याखाली भांडे ठेवा आणि सकाळी किती पाणी साठले ते मोजून आणा. ते लिहायला मी या लेखाखाली एक कोरा कागद चिकटवला आहे. नाव लिहू नका, नुसते लिटर लिहा. आठवड्याने आपण सगळ्यांची बेरीज करू, आणि ग्रामसभेच्या आधी सरपंचांना दाखवू.

एवढे लिहून मी माझा लेख पुरा करते. जय हिंद, जय महाराष्ट्र!

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी