आधीच लिहिलेली साक्ष

आमच्या घरच्या जुन्या पेटीत पांढऱ्या धातूचे एक पदक आहे. एका बाजूस इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड व राणी अलेक्झांड्रा यांच्या मुखाकृती. दुसऱ्या बाजूस राज्याभिषेकाचा दिनांक, २६ जून १९०२. बाळपणी आम्ही तो खरा मानला. कारण धातूवर कोरलेले असत्य असेल, अशी शंका मुलांस येत नाही. पुढे वाचनात आले की, त्या दिवशी लंडनमध्ये राज्याभिषेक झालाच नव्हता. दोन दिवस आधी राजाच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली, समारंभ लांबला आणि ९ ऑगस्ट रोजी पार पडला. पदक मात्र आजही न घडलेल्या सोहळ्याची ग्वाही देत आहे.

हा एखाद्या कारागिराचा प्रमाद असता, तर त्यासाठी लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु फितीसह छातीवर लावण्यासाठी जे पदक त्या प्रसंगी सरकारातून देण्यात आले, त्यावरही २६ जून हाच दिनांक राहिला. आमचा आक्षेप चुकीवर नसून, जिच्यातून ती चूक निपजते त्या पद्धतीवर आहे. पदक ही साक्ष होय. आणि घटना घडण्यापूर्वीच लिहून ठेवलेल्या साक्षीस न्यायालयात जे नाव आहे, तेच येथेही दिले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की, पदक काही एका रात्रीत होत नाही. कलावंताने प्रथम मोठ्या आकाराचा नमुना घडवावयाचा, तो यंत्राने लहान करून पोलादावर उतरवावयाचा, ठशास पाणी द्यावयाचे आणि मग एकेक चकती त्याच्या दाबाखाली घालावयाची. या सर्वांस महिने लागतात. हे सारे आम्हांस मान्य आहे. पण त्याच १९०२ साली लंडनच्या शाही टांकसाळीने जे अधिकृत पदक काढले, त्यावर ९ ऑगस्ट हा खरा दिनांक आहे. म्हणजे थांबणे अशक्य नव्हते. थांबण्याची इच्छा मात्र हवी होती. मुखाकृती खुशाल आधी कोरावी. दिनांकाची जागा तेवढी कोरी ठेवावी.

ही घाई करणारे अनुभवानेही शहाणे झाले नाहीत. आठव्या एडवर्डचा राज्याभिषेक १२ मे १९३७ रोजी व्हावयाचा होता. व्यापाऱ्यांनी त्याच्या नावाची पदके व पेले तयार केले. आणि डिसेंबर १९३६ मध्ये त्याने राज्यत्याग केला! ठरल्या दिवशी मुकुट चढला तो त्याच्या धाकट्या भावाच्या, सहाव्या जॉर्जच्या मस्तकी. १९०२ साली राजा खरा आणि दिनांक खोटा. १९३७ साली दिनांक खरा आणि राजा खोटा!

२०२३ साली तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकानिमित्त सुमारे चार लाख लोकांस पदके देण्याचे ठरले. ६ मे रोजी विघ्न आले नाही, हे खरे. पण विघ्न न येणे हा दैवाचा गुण, पद्धतीचा नव्हे. शिवाय, पदकांची संख्या जसजशी फुगते, तसतशी कारखान्याची घाईही वाढते.

याच्या उलट, १६७४ साली रायगडावर ज्या राजास अभिषेक झाला, त्याची शिवराई पाहावी. तांब्याच्या त्या लहानशा नाण्यावर समारंभाचे चित्र नाही, दिनांक नाही; एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, एवढेच. नाण्यास बाजारात चालावे लागते; म्हणून त्यावरील पदवीची परीक्षा रोजच्या रोज होत असे, आणि त्या परीक्षेस ती उतरली. पदकाची अशी परीक्षा कोणी घेत नाही. म्हणूनच खरे बोलण्याची त्याची जबाबदारी अधिक.

वाचकहो, परक्या राजवाड्याचा प्रश्न म्हणून हा सोडून देऊ नये. आमच्या माहितीतील एका संस्थेच्या महोत्सवात ‘यांच्या शुभहस्ते’ असे एका थोर पाहुण्यांचे नाव कोरलेली पदके विद्यार्थ्यांस वाटण्यात आली. पाहुणे आलेच नव्हते! मुलांनी ती घरी नेली. उद्या त्यांची नातवंडे पेटी उघडतील आणि आम्ही फसलो तशीच फसतील. ज्यांस उत्सवाच्या दिवशीच हातावर काही ठेवावयाचे असेल, त्यांनी पेढा ठेवावा. तो निदान खोटी साक्ष तरी देत नाही.